सशाच्या डोळ्याऐवजी हॅचरीतलं अंडं

प्राण्यांवरच्या प्रयोगांना पर्याय म्हटलं की डोळ्यांसमोर परदेशातली महागडी यंत्रं येतात. चिपवर वाढवलेलं यकृत, प्रयोगशाळेत तयार केलेली त्वचा वगैरे. ते सगळं खरं आहे, पण कोल्हापुरातल्या फार्मसी कॉलेजच्या किंवा हर्बल तेल-साबण बनवणाऱ्या लहान कारखान्याच्या आवाक्यातलं नाही. आवाक्यात आहे ते हॅचरीत आणि मटणाच्या दुकानात मिळतं. मात्र हे पर्याय ढिसाळपणे केले की आकडे वेडेवाकडे येतात आणि ‘हे काही चालत नाही, ससेच आणा’ असं ठरून जातं. म्हणून कृती बारकाईने लिहितो.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. प्राण्यांच्या जागी दुसरं काही वापरा, नाही जमलं तर संख्या कमी करा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा, हे सूत्र रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी शिकवण्याचं काम भागत असेल तर कॉलेजांनी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असं त्याच्या कलम 17 मध्ये तेव्हापासून लिहिलेलं आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्याकडे 2014 पासून बंदी आहे.

सशाच्या डोळ्याची ड्रेझ चाचणी 1944 सालची. एका डोळ्यात 0.1 मिली पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेला ठेवायचा आणि तीन दिवस, गरज पडली तर 21 दिवस, लाली-सूज-व्रण बघत बसायचं. त्याच्या जागी एचईटी-कॅम ही अंड्यावरची चाचणी करता येते. यात कोंबडीच्या फलित अंड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर पदार्थ टाकतात. नवव्या दिवसापर्यंत हा पडदा रक्तवाहिन्यांनी पुरेसा भरतो, आणि 21 दिवसांच्या उबवणीचा निम्मा काळही झालेला नसल्याने गर्भाची मज्जासंस्था अजून अपुरी असते.

दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. घरगुती गावरान अंडी फलित असली तरी किती दिवसांची आहेत ते कळत नाही. हॅचरीतूनच आणा: व्हाइट लेगहॉर्न, 50 ते 60 ग्रॅमची, आठवड्याच्या आतली. 37.5 अंश सेल्सिअस, साधारण 60 टक्के आर्द्रता आणि दिवसातून अनेकदा फिरवणं, इतकं पाळायचं. पाचव्या आणि आठव्या दिवशी अंधारात दिवा लावून बघा आणि ज्यात वाहिन्यांचं जाळं दिसत नाही ती काढून टाका. आठव्या दिवसापासून बोथट टोक वर ठेवून अंडी स्थिर ठेवा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा उबवणीयंत्राला बॅकअप नसेल तर सगळी तुकडीच बिघडते, म्हणून त्याची सोय आधी करा.

नवव्या दिवशी हवेच्या कप्प्याची कड पेन्सिलने आखून त्या रेषेवरून कवच कापा. आतला पांढरा पडदा 0.9 टक्के मीठपाण्याने काही मिनिटं भिजवा, पाणी ओता आणि वाकड्या चिमट्याने पडदा सोलून काढा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. पडदा पुरेसा भिजला नसेल तर त्याच्यासोबत वाहिनी फाटते आणि पदार्थ टाकायच्या आधीच रक्त येतं. असं अंडं बाद करायचं, ‘थोडंसंच आहे’ म्हणून मोजायचं नाही. मीठपाणी कोमट हवं, कारण गारठ्याने वाहिन्या आकसतात.

मग 0.3 मिली पदार्थ टाकून 300 सेकंद बघायचं. रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं आणि गोठणं, या प्रत्येकाची सुरुवात कितव्या सेकंदाला झाली ते टिपायचं. 301 मधून तो सेकंद वजा करून 300 ने भागायचं, मग रक्तस्रावाला 5 ने, विरघळण्याला 7 ने, गोठण्याला 9 ने गुणून बेरीज करायची. जे घडलंच नाही त्याला शून्य. समजा 31व्या सेकंदाला रक्त आलं, 91व्याला वाहिन्या विरघळल्या, गोठणं झालं नाही, तर 4.5 अधिक 4.9 म्हणजे 9.4. 0.9 पर्यंत दाह नाही, 4.9 पर्यंत सौम्य, 8.9 पर्यंत मध्यम, 9 पासून 21 पर्यंत तीव्र.

तुलनेसाठी प्रत्येक तुकडीत मीठपाणी, 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा आणि 1 टक्का सोडियम लॉरिल सल्फेट यांची अंडी हवीतच. कॉस्टिकचं द्रावण ताजं करा. उघडं राहिलं तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, कमजोर पडतं आणि मग तुमचा पदार्थ त्याच्यापेक्षा जहाल असल्यासारखा दिसतो. हळदीसारखे गडद अर्क रक्तस्राव झाकतात. त्यासाठी ठरलेल्या वेळेनंतर मीठपाण्याने धुऊन बघा आणि ती वेळ सगळ्या अंड्यांना सारखीच ठेवा. काम झालं की अंडी लगेच उणे 20 अंशांवर ठेवायची. ही चाचणी ओईसीडीची, म्हणजे चाचण्यांच्या पद्धती ठरवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, स्वतंत्र मार्गदर्शिका नाही, चाळणी म्हणून तिचा उपयोग आहे. तीव्र दाहक पदार्थ ती चांगले पकडते, सौम्य आणि निर्धोक यांच्यातला फरक सांगताना डळमळते.

औषधाने आतडं किती आकुंचन पावतं हे बघायच्या प्रयोगांसाठी पूर्वी गिनीपिग मारत. चिकनच्या दुकानात रोज टाकून दिलं जाणारं आतडं त्यासाठी पुरतं. बर्फात ठेवलेलं टायरोड द्रावण (आतडं जिवंत ठेवणारं क्षार-साखरेचं पाणी) सोबत न्या आणि पक्षी गरम पाण्यात बुडवायच्या आधी तुकडा मागून घ्या. एक लिटरला मीठ 8 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.2, कॅल्शियम क्लोराइड 0.2, मॅग्नेशियम क्लोराइड 0.1, सोडियम बायकार्बोनेट 1, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.05, ग्लुकोज 1 ग्रॅम. कॅल्शियम वेगळं विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत घाला. एकत्र टाकलं तर द्रावण पांढुरकं होतं, कॅल्शियम तळाशी बसतं आणि आतडं नीट आकुंचन पावत नाही. विद्यार्थी मग आतड्याला दोष देतात. आतला मळ पिपेटने द्रावण सोडून धुवायचा, बोटांनी पिळायचा नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, पोकळी बंद होणार नाही अशी गाठ, अर्धा ते एक ग्रॅम ताण, 37 अंश, हवेचे बुडबुडे आणि किमान अर्धा तास विश्रांती. आतडं आकुंचित करणाऱ्या अॅसिटिलकोलीनचं मूळ द्रावण 5 टक्के सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये ठेवा, साध्या पाण्यात ते लवकर विघटित होतं. औषधाचा संपर्क 30 सेकंद ठेवा की 60, ते पहिल्या तासात ठरवा आणि मग बदलू नका.

डोळ्याच्या थेंबांमधलं औषध कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, किती आत जातं, हे बकऱ्याच्या डोळ्यावर बघता येतं. मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून घ्या, भाजलेल्या मुंडीतला कॉर्निया शिजलेला असतो. थंड मीठपाण्यातून तासाभरात प्रयोगशाळेत आणा, भोवती दोन ते चार मिलिमीटर पांढरा भाग ठेवून कॉर्निया कापा आणि फ्रांझ सेलमध्ये, म्हणजे पडद्यातून औषध किती पार होतं ते मोजायच्या काचेच्या दोन कप्प्यांच्या भांड्यात, बसवा. शेवटी त्याचं ओलं आणि वाळवलेलं वजन करा. पाण्याचं प्रमाण साधारण 76 ते 80 टक्के असायला हवं. त्याहून बरंच वर गेलं तर कॉर्नियाला इजा झाली आहे, ते वाचन टाका. कोल्हापुरात रविवारी आणि बुधवारी डोळ्यांची कमतरता नाही, पण श्रावणात दुकानं थंडावतात. प्रबंधाचं वेळापत्रक त्या हिशेबाने आखा.

सगळंच असं बदलता येत नाही. मधुमेहाचं दीर्घकाळचं औषध, गर्भावरचे परिणाम, शरीरात औषध कसं फिरतं, यासाठी आजही उंदीर लागतात. तिथे प्रश्न संख्येचा येतो, आणि तिथे आपल्याकडची सवय मला खटकते. गटात सहा उंदीर. का? आधीच्या प्रबंधात सहा होते म्हणून. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर 10 ते 20 मध्ये हवं. पाच गट सहा-सहाचे, म्हणजे 30 वजा 5, 25. पाच-पाचचे केले तर 20, चार-चारचे केले तर 15. म्हणजे पाच ते दहा जीव उगाच जात होते. हा ढोबळ अंदाज आहे. आधीची आकडेवारी हाताशी असेल तर जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरवर नीट हिशोब करा, आणि तो जास्त संख्या सांगत असेल तर तेही माना, कारण निष्कर्ष न देणाऱ्या प्रयोगातले सगळेच प्राणी वाया जातात. गटवारी चिठ्ठ्या टाकून करा. हाताला आधी लागतो तो उंदीर बहुतेक वेळा मंद किंवा आजारी असतो, आणि असे सगळे पहिल्या गटात जमतात.

तीव्र विषारीपणासाठी जुनी एलडी50 (निम्मे प्राणी मारणारी मात्रा) काढायची पद्धत ओईसीडीने 2002 मध्येच रद्द केली. मार्गदर्शिका 423 प्रमाणे एका टप्प्याला तीनच माद्या लागतात. किलोमागे 2000 मिलिग्रॅमला दोन टप्प्यांत एकही दगावली नाही तर सहा प्राण्यांत काम संपतं. मग अहवालात विषारीपणाचा वर्ग लिहा, नेमका एलडी50 आकडा लिहू नका, तो या पद्धतीतून मिळत नाही.

पेशींवरची एमटीटी चाचणी (जिवंत पेशी एमटीटी हा रंग जांभळा करतात) करत असाल तर वनस्पतींच्या अर्कासाठी पेशी नसलेला एक कप्पा ठेवाच. वनस्पतींमधले बरेच पॉलिफेनॉल हे घटक स्वतःच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. शिवाय त्या पेशींच्या खाद्यात गायीच्या गर्भाचं सीरम असतं, सहसा 5 ते 10 टक्के. ते प्राण्यापासूनच येतं, म्हणून त्याच्याऐवजी मानवी प्लेटलेटचा अर्क चालतो का ते तपासा.

हे सगळं करूनही प्राणी लागणार असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीकडच्या फॉर्म बी मध्ये ‘प्राणी का आवश्यक’ या प्रश्नाला ‘पर्याय उपलब्ध नाही’ एवढ्या एका ओळीत उत्तर देऊ नका. कोणता पर्याय करून पाहिला, कॉस्टिकच्या अंड्यांना किती गुण आले, आतड्यावर कोणत्या मात्रेला काय मिळालं, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं नाही, ते लिहा. प्राण्यांची संख्या कशी काढली, तो हिशोबही त्याच पानावर जोडा.