हात मोडला, टाके गुडघ्याला

कापसाच्या ट्रॉलीवरून पडलो, सगळा भार उजव्या तळहातावर. जवळच्या दवाखान्यात फोटो काढला, 'मुरगळलंय' म्हणाले. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलं तरी पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो, हे कुणी बोललं नाही. मीही वेचणीच्या घाईत होतो, वर हाडवैद्याकडून चोळून घेतलं. वर्षभराने बादली उचलेना, तेव्हा धुळ्यात कळलं: अंगठ्याच्या बुडाचं, काजूएवढं स्कॅफॉइड मोडलंय आणि त्याचा मागचा तुकडा रक्ताविना मेलाय.

नाशिकच्या सर्जननी फोटोच्या पाकिटावर चित्र काढलं. माझं चार एकर ठिबकवर आहे, म्हणून पटकन उमगलं. या हाडात रक्त शिरतं ते बहुतेक बोटांकडच्या टोकाने, आणि तिथून मागे येतं. मधे मोडलं की मागचं कोरडं. नुसतं हाड भरणं म्हणजे रोप लावून पाणी न देणं. म्हणून हाड त्याच्या रक्ताच्या नळीसकट आणायचं, तेही गुडघ्याच्या आतल्या बाजूचं.

मांडीची मोठी धमनी एका स्नायूतल्या फटीतून गुडघ्यामागे उतरते. त्या फटीच्या जरा वर तिला डिसेंडिंग जेनिक्युलर नावाची फांदी फुटते. तिचं एक जाळं मांडीच्या हाडाच्या आतल्या फुगवट्यावर पसरतं, दुसरी पोटफांदी संवेदनेच्या सफेनस नसेबरोबर कातडीकडे जाते. काहींना ही डिसेंडिंग जेनिक्युलर नसतेच, मग गुडघ्यामागून येणारी वरची जेनिक्युलर वापरतात.

"अन् गुडघा कोरडा पडला तर?" मी विचारलं. तर म्हणे गुडघ्याभोवतीच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एक तोडली तरी बाकीच्या पुरवतात.

आईला हे पटेना. "हात मोडना तं पाय कसाले फाडतस?" ठिबक सांगूनही उपयोग झाला नाही.

तंबाखू बंद ही अट होती, कारण निकोटीनने नळ्या आवळतात. खरं सांगतो, ऑपरेशनपेक्षा तेच जड गेलं.

सकाळी आत नेलं, बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. गुडघ्याचा तुकडा स्क्रूने बसवला, आणि त्याची जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची नळी, नाडी बघतात त्या धमनीला, मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने शिवली.

पुढचे पंधरा दिवस मनगटापेक्षा गुडघाच ठणकला. त्यात कुबडी धरायची कशाने? हात तर प्लास्टरमध्ये! चुलतभावाचा खांदा धरून संडासला जायचो. तीन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसलं. मनगट पूर्ण वाकत नाही, पण बादली उचलतो.

गुडघ्याखाली आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे, डास चावला तरी कळत नाही. आणि व्रण बघून पारावर हटकून विचारतात, "वाटी बदलायला किती लागले रे?"