घटांगचा घाट आणि टोचन: दोरी, दांडा की क्रेन

मेळघाटातलं सेमाडोह सोडलं तेव्हा जीपचा टेंपरेचरचा काटा मधोमध होता. घटांगच्या चढणीला लागलो आणि दोन वळणांत तो लालला जाऊन टेकला. बॉनेट उघडलं तर वॉटर पंपातून पाणी गळत होतं, पुली हातानं हलवली तर डगडगत होती. बेअरिंग गेलं. इंजिन चालू करायचं नाही एवढं नक्की झालं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दुपारचे अडीच, मोबाइलला रेंज नाही. सोबत मामेभावाची पिकअप, तीही रिकामी.

आम्ही अमरावतीकडची माणसं. सपाट रस्त्यावर गाडी बंद पडली की दोरी बांधायची आणि गॅरेजपर्यंत ओढत न्यायची, याला आपल्याकडे टोचन म्हणतात. लग्नाच्या वरातीतल्या गाड्याही मी अशा ओढलेल्या आहेत. पण मेळघाटाच्या नावातच घाटांचा मेळ आहे, हे त्या दुपारी डोक्यात आलं नाही.

पिकअपच्या मागच्या हुकला आणि जीपच्या चेसिसच्या हुकला नायलॉनची दोरी बांधली. तेवढं बरोबर केलं. बंपरला किंवा बुलगार्डला कधीच बांधू नका, ते उखडून येतं. दोरी मधे तुटलेली होती, तिथं गाठ मारली. हे चुकलं. गाठीपाशी दोरीची ताकद बरीच कमी होते, आणि ताण बसला की ती गाठ सुटतही नाही, शेवटी कापावीच लागते.

चढावर ठीक चाललं होतं, दोरी ताणलेली राहते. मग मधेच एक छोटा उतार आला. जीपचं इंजिन बंद, म्हणजे ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर बंद. पहिले दोन-तीन ब्रेक लागतात, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. पॉवर स्टिअरिंगही जड. पिकअपनं वेग कमी केला, जीप पुढे सरकली, दोरी ढिली पडून पुढच्या चाकाखाली गेली. हँडब्रेक ओढला म्हणून पिकअपच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबलो. पुढच्या वळणावर चढ आला तर रिकाम्या पिकअपची मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. मागे वजन नसलेल्या गाडीनं तिच्याहून जड गाडी ओढू नये, हे तिथं कळलं.

तिथंच मागून एक ट्रॅक्टर आला. काकांनी खाली उतरून दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून बाप्पा, दोरीनं घाट उतरता का? जीव वर आला का?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही परतवाड्यापर्यंत ओढून द्या, काय होईल ते देतो."

"घटांगपर्यंत चढवून देतो. उतरवत नाई."

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. दोरी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकला लावली. जीप काळ्या मातीत फसली की लोक उंच जागी, वरच्या लिंकला दोरी अडकवतात. तसं केलं की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटू शकतो. निघण्याआधी डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडलं खटक्यानं जोडून घेतली, कारण शेतातल्यासारखं एकच पेडल दाबलं गेलं तर रस्त्यावर ट्रॅक्टर फिरतो. दोरीच्या मधोमध ओलं बारदान टाकलं. दोरी तुटली तर तिचा फटका त्या बारदानानं मरतो. आणि सगळ्यांना दोरीच्या रेषेपासून लांब उभं केलं. तारेची दोरी असती तर याहून लांब.

घटांगला एका घराच्या अंगणात जीप लावली आणि इथं मी आणखी एक घोळ घातला. ओढताना ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, न्यूट्रलला टाकली होती. अंगणात हलकासा उतार. मी सवयीनं गिअर टाकून उतरलो आणि जीप माझ्या मागे हळूच चालायला लागली. ट्रान्सफर केस न्यूट्रल असली की गिअर टाकून काही उपयोग नाही. चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. माझ्या भावानं पटकन दगड सरकवला. फोर-बाय-फोर ओढणार असाल तर लाकडाचे दोन ठोकळे गाडीत ठेवाच. काही जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की तो हँडब्रेकही गेला.

रात्र घटांगलाच काढली. जंगलातल्या रस्त्यावर गाडीपाशी थांबायचा विचारही करू नका, वाघ-अस्वलाचा मुलूख आहे. मामेभाऊ पिकअप घेऊन परतवाड्याला गेला आणि सकाळी क्रेनवाल्याला घेऊन आला.

आता खरी निवड. क्रेनवाल्याची पहिली सूचना होती, पुढची चाकं उचलून नेऊ, स्वस्तात होईल. माझी जीप टू-व्हीलला मागच्या चाकांवर चालते. पुढची चाकं उचलली तर मागची चाकं सगळा रस्ता फिरणार, त्यांच्यासोबत प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्टही फिरणार. इंजिन बंद असताना आतले बाकीचे गिअर थांबलेले असतात, त्यामुळे बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये वरच्या बेअरिंगपर्यंत तेल उडत नाही. गावातल्या गावात चालेल, घाट उतरून जायला नको. तसंच न्यायचं असेल तर मागचा शाफ्ट सोडवून वर बांधून ठेवावा. आणि चुकून फोर-हाय, म्हणजे चारही चाकांचा गिअर, लागलेलं असेल तर उचललेली चाकंसुद्धा फिरायला बघतात, मग एकतर गाडी उचलणीवरून निसटते नाहीतर ट्रान्सफर केस फुटते.

ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे किंवा कायम चारही चाकांवर चालते, त्यांनी चाकं जमिनीवर ठेवून ओढायचा विचारच सोडावा. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनवर चालतो. बटणानं चालणारी ट्रान्सफर केस बॅटरी उतरली तर हलत नाही, काहींत न्यूट्रल नसतंच. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये याचं एक पान असतं. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, रेंज नसली तरी दिसेल.

टो-बार, म्हणजे लोखंडी दांडा, हा मधला मार्ग. दांड्यानं अंतर कायम राहतं, माझ्या जीपसारखी मागची गाडी अंगावर येत नाही. पण दांड्यावर सगळं ब्रेकिंग पुढच्या गाडीवर पडतं, म्हणून पुढची गाडी वजनानं जास्त हवी. परतवाडा ते अमरावती अशा सपाट रस्त्यावर मी दांडा वापरेन, तोही दिवसा. घाटात नाही. दोरी वापरायचीच तर नियम लक्षात ठेवा: दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोरी दुरून दिसेल असं लाल फडकं बांधा, मागच्या गाडीवर 'ऑन टो' अशी पाटी लावा. वेग वीसच्या पुढे नको. किल्ली एका खटक्यावर फिरवून ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल.

मी फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर घेणारा सपाट ट्रक, घेतलं. दुपारपर्यंत थांबावं लागलं आणि अमरावतीपर्यंत साडेसात हजार गेले. तरी ट्रान्सफर केसच्या कामापुढे ते कमीच. गाडी वर चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले. वर चढल्यावर ट्रान्सफर केस टू-हायला (फक्त मागच्या चाकांवर), गिअर पहिला, हँडब्रेक ओढलेला. क्रेनवाला पट्टे चेसिसला बांधत होता, मी चाकांवरून बांधायला लावले. चेसिसला बांधलं की खड्ड्यात स्प्रिंग दबतात, पट्टा ढिला पडतो. तो कुरकुरला, पण बांधले. बिहालीच्या अलीकडे थांबून पट्टे पुन्हा आवळले, दोन ढिले झालेच होते. टपावर कॅरिअर असेल तर गावातल्या लोंबणाऱ्या तारांकडे लक्ष ठेवायला एक माणूस बसवा. आमच्या कॅरिअरची एक चिंचेची फांदी सोडली तर कशाशी गाठ पडली नाही.

इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं होतं, पण फोनच लागला नाही तर ते कागदावर राहतं. निघण्याआधी परतवाड्याच्या दोन क्रेनवाल्यांचे नंबर वहीत लिहून घ्या.

काकांना पैसे द्यायला गेलो तर घेईनात. खाटेवर बसूनच त्यांनी आमच्या दोरीकडे बोट केलं.

"ते ठेवून जा. गाडीले नाई होत, बैल बांधाले होते."