विषयाबद्दल एकच प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदासाठी मी मुलाखत दिली. सेट ही प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कातळसड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवरच्या, पावसाळी वनस्पतींवर पीएच.डी. करूनही मी तेव्हा तासिका तत्त्वावरच शिकवत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार महाविद्यालयीन पदासाठी पीएच.डी.ला 25, सेटला 5 असे जे गुण तेव्हा मिळत, ते मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यापुरतेच असत. निवड मात्र केवळ मुलाखतीतील कामगिरीवर होत असे. त्यामुळे उमेदवाराची सारी भिस्त मुलाखतीच्या खोलीतल्या काही मिनिटांवर असे, आणि म्हणूनच त्या मिनिटांत काय विचारले जाते याला फार महत्त्व होते, असे मला मनापासून वाटते.

ग्रंथालयात थांबलेल्या उमेदवारांमध्ये ‘जागा भरलेली आहे, आपण डमी’ अशी कुजबुज चालू होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विद्यापीठाने नेमलेले विषयतज्ज्ञ आणि शासनाचे प्रतिनिधी बसले होते. अध्यक्षांनी माझे गाव, यजमानांची नोकरी आणि ‘एवढ्या लांब राहायला जमेल का’ हे विचारले. प्राचार्यांनी कागदपत्रांच्या मूळ प्रती पाहिल्या. माझा प्रबंध टेबलाच्या कडेला मिटलेलाच होता.

अखेर एका तज्ज्ञ मॅडमनी तो उघडला आणि विचारले, “सड्यावर कीटकभक्षी वनस्पती एवढ्या का आढळतात?” याच प्रश्नासाठी मी अनेक पावसाळे त्या कातळावर काढले होते. मी सांगू लागले की जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यात नत्र कमी असते, आणि म्हणून सीतेची आसवे ही वनस्पती साचलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या इवल्या पिशव्यांत पकडून ती उणीव भरून काढते. गेंद या सड्यावरच्या पावसाळी वनस्पतीच्या फुलांनी पांढऱ्या झालेल्या सड्याचे छायाचित्र मी दाखवणार, एवढ्यात अध्यक्ष घड्याळाकडे पाहत म्हणाले, “ठीक आहे मॅडम, या आता. कळवू आम्ही.” तज्ज्ञ मॅडमनी प्रबंध मिटला. त्यांनी मध्ये एक शब्द जरी टाकला असता, तरी मला पुष्कळ वाटले असते.

निवड न झाल्याचे दुःख होतेच, पण नियमावलीत वर्गातील व्याख्यानातून अध्यापनक्षमता पाहण्याची सोय असताना कोणी फळ्यापाशी उभे राहायलासुद्धा सांगितले नाही, याचे दुःख अधिक होते. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पाच मिनिटे शिकवू देणे अवघड नव्हते.

संस्थेकडून काहीच कळवले गेले नाही, तेव्हा मी माहिती अधिकारात मुलाखतीचे गुण मागितले. उत्तरात प्रत्येक उमेदवाराचे एकूण गुण होते. विषयज्ञानाला किती आणि अध्यापनाला किती, याचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या तपशिलासाठी मी प्रथम अपील दाखल केले.