कोणी लागत नव्हता

"तो तुझा लागत कोण होता?"

वर्षभरात हे इतक्या जणांनी विचारलं की आता एकदाच काय ते लिहून टाकते. यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवून देईन. ऑफिसात विचारलं, नवऱ्याच्या मामांनी मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढून घेता घेता विचारलं, सख्ख्या भावाने दात काढत विचारलं. 'तो' म्हणजे लियाम पेन, वन डायरेक्शन या पाच पोरांच्या पॉप बँडमधला गायक. १६ ऑक्टोबर २०२४ ला ब्युनोस आयर्समध्ये हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून पडून गेला. ३१ वर्षांचा होता.

लागत कोणी नव्हता. झालं समाधान? नाही ना? माझंही होत नाही.

हा प्रश्न गावभर झाला तो माझ्याच मूर्खपणामुळे, हे आधी कबूल करते. १७ तारखेला सकाळी मी सरांना मेसेज टाकला की घरी वाईट बातमी आहे, आज येत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी काळजीने फोन केला. कोण गेलं? मी म्हटलं, आत्येभाऊ. तेवढ्यावर थांबायचं. पण त्यांनी विचारलं आजारी होते का, आणि मी म्हटलं, नाही सर, पडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचते तर शेजारच्या टेबलावरची माझ्याच खुर्चीत बसलेली, फोनवर माझं स्टेटस उघडून. "हा तुझा आत्येभाऊ? अंगभर टॅटूवाला?"

तेव्हापासून सुरू.

माझं एक ठरलेलं उत्तर असतं, ते आधी देते. २००८ साली आपल्याकडे सारेगमप लिटिल चॅम्प्स लागायचं, आठवतंय? आमच्या घरात बाबांचा, आईचा आणि काकांचा असे तीन फोन एसएमएस करायला बसायचे. आई त्या मुलांसाठी देवाजवळ साखर ठेवायची. त्यातलं एखादं पोर बाहेर पडलं की रात्री कोणी धड जेवायचं नाही. ती मुलं आमच्या घरात कोणाची कोण लागत होती? तेव्हा हे कोणी विचारलं नाही. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचा एक चौदा वर्षांचा मुलगा 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत 'फ्लाय मी टू द मून' गायला आणि परीक्षक सायमन कॉवेलने त्याला 'दोन वर्षांनी ये' म्हणून परत पाठवलं. तोही कोणाच्या तरी आईचा लिटिल चॅम्पच होता.

हे उत्तर चांगलं आहे. मामा गप्प बसतात. पण ते खरं उत्तर नाही.

खरं म्हणजे लियाम मी निवडलेलाच नव्हता. दहावी ब मधल्या आम्ही पाच जणी, नाशिकच्या. बँडमधलेही पाच जण, म्हणून एकीला एक असे वाटून घेतले. हॅरी आणि झेन पहिल्याच दिवशी गेले, नायल आणि लुईसुद्धा गेले, लियाम उरला, तो माझ्याकडे आला. मी क्लासला गेले होते त्या दिवशी वाटणी झाली. पुढे मी त्याची वकिली करत राहिले ती खरं तर माझ्या वाट्याची वकिली होती. तो दोन वर्षांनी खरंच परत आला बघा. बाकीचे नवखे होते, त्याला नाकारलं जाण्याचा अनुभव होता. २०१० मध्ये पाचही जण एकेकटे गायला आले होते, एकेकटे बाद झाले आणि परीक्षकांनी त्यांना एकत्र बांधून टाकलं. जिंकलेही नाहीत, तिसरे आले. त्या पाचांमध्ये शहाण्यासारखं वागायचं काम याच्याकडे आलं. पोरी त्याला 'डॅडी डायरेक्शन' म्हणायच्या. सतरा वर्षांच्या मुलाला! त्याला चमच्यांची भीती वाटते हे कळल्यावर मैत्रिणी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातला चमचा काढून माझ्याच तोंडासमोर नाचवायच्या.

आणि एक. आमच्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं, रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. मी आईला सांगायचे, पहाटे अभ्यासाला उठते. आई कौतुकाने थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची. त्यांचं पहिलं गाणं मी असंच ऐकलं, थांबत थांबत लोड होणारं, कानात हेडफोन, पुढ्यात बीजगणित. त्या गाण्यातला पहिला आवाज लियामचा आहे. ते पहिले दोन-तीन शब्द मी किती वेळा ऐकले असतील सांगता येत नाही, कारण पुढचं गाणं अडकायचं आणि मी परत सुरुवातीपासून लावायचे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षांत पाच अल्बम, मार्च २०१५ मध्ये झेन गेला, २०१६ पासून बँड 'विश्रांती'वर. आणि मीही गेले. यावर कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मीच सांगते. २०१७ चं त्याचं पहिलं एकट्याचं गाणं मी ऐकलं, मला ते आवडलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा अल्बम आला आणि एका आठवड्याने हॅरीचा. हॅरीचा अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर, याचा त्याच्या स्वतःच्या देशात सतराव्या. मी हॅरीचा ऐकला. माझ्या वाट्याचा मुलगा मी तेव्हाच सोडून दिला होता. मग कसलं सुतक?

आता ते सांगते, जे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

२ ऑक्टोबरला नायलचा कार्यक्रम ब्युनोस आयर्सला होता. लियाम प्रेक्षकांत होता, वरच्या बॉक्समधून हात हलवत होता, नाचत होता. त्याच्या रील्स फिरल्या. सगळ्यांचा सूर एकच, बघा हा, मित्राच्या कार्यक्रमात स्वतःच मिरवतोय. मला ती रील ४ तारखेला दिसली. मी हसले. 'दहावी ब' नावाच्या आमच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "काकांना कोणीतरी घरी न्या रे." पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. चौघींनीही हसून दिलं. मग ग्रुप शांत. आमचा ग्रुप तसाच आहे, वाढदिवस सोडले तर महिना महिना कोणी बोलत नाही.

१६ ऑक्टोबरला कोजागरी होती. सोसायटीच्या गच्चीवर दूध, भेळ, हाऊजी. मसाला दुधाचं पातेलं आमच्याकडचं होतं. एक वाजता आम्ही खाली आलो. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, सकाळी घासू. पण दूध तळाला लागलं होतं आणि सकाळी ते निघालं नसतं. मी ओट्याशी उभी राहून चमच्याने खरवडत बसले. केशराचा आणि करपल्याचा एकत्र वास येत होता. नंतर मी हिशेब केला. तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले दीड. मी पातेलं घासत होते तेव्हाच.

झोप लागली नाही. साडेतीनच्या पुढे कधीतरी फोन थरथरला. न्यू जर्सीतली मैत्रीण, तिच्याकडे संध्याकाळ. तिने ग्रुपवर नुसती लिंक टाकली होती, एक शब्द लिहिला नव्हता. आणि त्या लिंकच्या बरोब्बर वर, मध्ये दुसरं काहीही नाही, माझी रील, माझं वाक्य, हसणारे तीन चेहरे आणि खाली चौघींचं हसणं.

मी आधी बातमी वाचली नाही. आधी माझं वाक्य दाबून धरलं. डिलीट करायला. बारा दिवस झाले होते, सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत संपली होती. एकच पर्याय उरला होता, 'डिलीट फॉर मी'. मी तो दाबला. माझ्या फोनवरून ते वाक्य गेलं. त्या चौघींच्या फोनमध्ये ते अजूनही आहे. लिंकच्या वर.

मग वाचलं. एका अमेरिकी गॉसिप साइटने त्याच्या मृतदेहाचे कापलेले फोटो लावले होते, चेहरा नाही, नुसता हातावरचा आणि पोटावरचा टॅटू. ओळख पटावी म्हणून म्हणे. जगभरातून शिव्या पडल्यावर त्यांनी ते काढले. मीही नंतर स्टेटसला त्यांना शिव्या घातल्या, मोठा परिच्छेद लिहिला, माणुसकी वगैरे. तो फोटो मी पाहिला होता. दोन बोटांनी मोठा करून पाहिला होता. पटतंय का ते बघत होते.

उजाडेपर्यंत ग्रुपवर पाचही जणी रडत होतो. कोणी जुने फोटो टाकले, कोणी चमच्याची गोष्ट काढली. माझ्या वाक्याबद्दल एकीनेही चकार शब्द काढला नाही. आजतागायत नाही. त्यांना आठवत नसेल, असंही असेल.

इथे माझ्यातलीच एक उठून वाद घालते. ती म्हणते, तू एकटी हसलीस का? लाखो लोक हसले. तुझा मेसेज त्याला थोडाच दिसणार होता? पाच बायकांचा ग्रुप, तोही मराठीत. शवविच्छेदनात दारू निघाली, कोकेन निघालं, नैराश्यावरचं औषध निघालं. तुझं वाक्य कुठे निघालं? बरोबर आहे तिचं. मी तिला उत्तर देऊ शकत नाही. फक्त एवढंच विचारते, मग 'डिलीट फॉर मी' दाबायला इतकी धावलीस कशाला?

तीच पुढे म्हणते, आणि तो काही देव नव्हता. हेही खरं. त्याच्याबरोबर राहिलेल्या मुलीने जाहीरपणे त्याच्या वागण्याबद्दल आरोप केले होते, तो गेला त्याच्या काही दिवस आधीसुद्धा. मी ते वाचले होते आणि मला ते खोटे वाटले नव्हते. तो गेल्यावर त्याच्या चाहत्यांनी त्या मुलीलाच धारेवर धरलं, तेव्हा मला कुठल्या बाजूला उभं राहावं कळेना. आजही कळत नाही. मी रडले याचा अर्थ मी तिला खोटं ठरवलं, असं नाही. आणि तिला खरं मानते म्हणून रडायचं नव्हतं का? मामा, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

२०२१ मध्ये एका मुलाखतीत तो बँडच्या दिवसांबद्दल बोलला होता. दौऱ्यावर असताना या पोरांना सांभाळायचा सोपा उपाय म्हणजे हॉटेलच्या खोलीत कोंडून ठेवायचं. बाहेर हजारो मुली उभ्या असायच्या, सुटका नाही. आणि खोलीत काय असतं? मिनीबार. तिथून सुरुवात झाली, असं तो म्हणाला होता. मी ती मुलाखत तेव्हा अर्धीच पाहिली होती. गेल्या नोव्हेंबरात पूर्ण पाहिली. बाहेर उभ्या असलेल्या मुली असा उल्लेख आला की मला वाटतं, मी तर नाशिकला होते, माझा काय संबंध. मग वाटतं, त्या मुली आणि मी वेगळ्या कुठे होतो, तिकिटाचे पैसे नव्हते एवढंच.

२० नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये अ‍ॅमरशॅमला त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. बँडमधले बाकीचे चौघंही गेले होते, वेगवेगळे. मार्च २०२५ मध्ये लुई लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईला आला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. पाच जणांपैकी एक एवढ्या जवळ, पुण्याहून तीन-चार तासांवर. मी तिकीट काढलं होतं. गेले नाही. मैत्रिणींना सांगितलं, बॅलन्स शीटचे दिवस आहेत. ते अर्धं खरं होतं.

यंदा कोजागरी ६ ऑक्टोबरला होती. गच्चीवर सासूबाई दूध ढवळत होत्या. माझ्या हातात कप देता देता म्हणाल्या, "अगं, तो तुझा पोरगा गेला ना, त्याला आज वर्ष झालं."

मी म्हटलं, "नाही आई, अजून दहा दिवस आहेत. १६ तारखेला."

"तारखेने. तिथीने आजच. कोजागरीच्या रात्रीच गेला ना तो?"

मी म्हटलं, त्यांच्यात तिथी नसते. त्या म्हणाल्या, "त्यांच्यात नसेल." आणि पातेल्यात डाव फिरवून साय बाजूला केली, मला साय आवडत नाही म्हणून.

गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी हा प्रश्न त्यांनीच विचारला होता, सकाळी सहा वाजता, मी बाथरूमचं दार लावून रडत होते तेव्हा, बाहेरून. त्यांना तरी त्या रीलचं सांगावं असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात खालून कोणीतरी हाऊजीची तिकिटं घेऊन आलं आणि त्या सुटे पैसे शोधायला लागल्या.