झालं ते झालं, मग तुम्ही शोधता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. 'इतिहासात ऑनर्स केलंस म्हणे. म्हणजे वर्षभर नेमकं केलंस काय? झालं ते होऊन गेलं, आता त्यात नवीन काय निघणार?' आतेभाऊ इंजिनीअर आहे, त्याने आणखी एक जोडलं होतं: 'आणि एवढ्या सनावळ्या पाठ कशा राहतात गं?'

आधी सनावळ्यांचं उरकून टाकते. पाठ नाहीत. स्वतःचा नवा मोबाइल नंबरसुद्धा मला बघून सांगावा लागतो. सनावळ्या पुस्तकात असतात, हव्या तेव्हा काढून बघायच्या. ऑनर्सच्या वर्षात मी तारखा पाठ केल्या नाहीत, एकेका तारखेशी भांडले.

नियमांचंही पटकन सांगते, कारण हल्ली मुलं तेच आधी विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांत साधी पदवी आणि चौथं वर्ष केलं की ऑनर्स. 'संशोधनासह ऑनर्स' हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रबंध लिहावा लागतो. बाकी बारकावे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, ते त्यांच्याकडेच विचारा. मला बोलायचंय ते त्या प्रबंधाबद्दल.

माझा पहिला विषय होता 'पेशवेकालीन दळणवळण'. मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. यात पीएचडीची चार मुलं बसतील. तू कुठे बसणार आहेस?" पुढचे दोन महिने मी विषय कापत होते. दळणवळणातून टपाल, टपालातून पानिपतच्या मोहिमेतली पत्रं, त्यातूनही फक्त छापील. शेवटी उरलं ते इतकंच: १७६०चा उन्हाळा ते १७६१चा जानेवारी या काळातली अशी पत्रं, ज्यांवर लिहिल्याची तारीख आहे आणि पोचल्याचीही. प्रश्न एकच, पत्राला वाटेत किती दिवस लागले? आतेभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बस्स? एवढंच?" हो, एवढंच. आणि तेवढ्यालाच वर्ष पुरलं नाही.

सामग्रीची वाण नव्हती. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो नेमका याच काळातल्या पत्रांचा. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तरातले निवडक कागद आहेत, त्यांचे तर ४५ खंड. मी म्हटलं, पत्रं उघडायची, दोन तारखा टिपायच्या, वजाबाकी करायची.

वजाबाकीच होईना. पत्रावर तारीख असते 'छ' या अक्षरापुढे. छ म्हणजे चंद्र, आणि महिना हिजरी: सफर, रजब, साबान. वर्ष असलंच तर ते सुहूर सनाचं (ही त्या काळच्या कागदांतली वर्षं मोजायची पद्धत), तेही अरबी अंकशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, सगळे मिळून ११६१. त्यात ६०० मिळवले की इसवी सन, असं मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. तक्ता भरत आला तेव्हा एका ओळीपाशी अडले. एका पत्राचं उत्तर मूळ पत्राच्या जवळजवळ वर्षभर आधी आलेलं दिसत होतं. मला आधी वाटलं, संपादकांची चूक. (विद्यार्थ्याला नेहमी आधी संपादकांचीच चूक वाटते.) चूक माझ्या पहिल्या पानावर होती. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर बदलतं. त्यामुळे ६०० मिळवायचे ते जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत. मृगापासून डिसेंबरपर्यंत मिळवायचे ५९९. म्हणजे पावसाळ्यातली आणि दिवाळीच्या आसपासची माझी सगळी पत्रं एक वर्ष पुढे गेली होती. तीन आठवड्यांचं काम खोडलं आणि जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इसवी तारखांशी जुळवून देणारा तक्ता, उघडून पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात केली.

पण तुमच्या 'नवीन काय निघणार'चं खरं उत्तर त्या तक्त्यात नाही, ते एका वाक्यात आहे. वाक्य तुम्हालाही पाठ असेल. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पानिपतची बातमी घेऊन निघालेली सावकाराची सांकेतिक चिठ्ठी. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. बातमी कशी पोचली हाच माझा विषय, तेव्हा प्रबंधाची सुरुवात याच वाक्याने करायची हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. केलीही, अवतरणचिन्हांत घालून.

मसुदा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने दोन शब्द होते: 'कुठून घेतलं?'

शाळेच्या पुस्तकातून, असं तर लिहिता येत नाही. म्हणून एक जाडजूड लोकप्रिय इतिहास काढला. त्यात वाक्य होतं, आधार नव्हता. दुसऱ्यात होतं, पण शब्द वेगळे. कुठे मोहरा 'हरवल्या', कुठे 'गमावल्या', कुठे 'हरपल्या'. तेव्हा पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. मूळ चिठ्ठी समोर ठेवून उतरवलेले शब्द असे प्रत्येक पुस्तकात बदलत नाहीत. मागे मागे जात मी पोचले ग्रँट डफपाशी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६चा, म्हणजे लढाईनंतर ६५ वर्षांनी छापलेला. चिठ्ठी तिथे आहे, मोती आहेत, सत्तावीस मोहरा आहेत. आणि ती इंग्रजीत आहे. अवतरणचिन्हांत घालून ज्याला मी सावकाराचं मराठी समजत होते, ते माझ्या हाती लागलेल्या सगळ्यात जुन्या पुस्तकात एका स्कॉटिश अधिकाऱ्याचं इंग्रजी निघालं.

म्हणजे चिठ्ठी खोटी? तसं मुळीच नाही. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्याने ढीगभर अस्सल कागद पाहिले होते. पण 'चिठ्ठीत असं लिहिलं होतं' आणि 'चिठ्ठीत असं लिहिलं होतं असं ग्रँट डफ सांगतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य खोडून दुसरं लिहायला मला एक संध्याकाळ लागली. खरं सांगायचं तर खोडवत नव्हतं.

मग त्याचाच उतारा नीट वाचला. सावकारांचा कासीद, म्हणजे पत्र पोचवणारा माणूस, पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघाला होता, वाटेत पेशव्यांच्या फौजेला भेटला आणि चिठ्ठी तिथेच फोडली गेली. माझ्या विषयाला सोन्यासारखा आकडा! नऊ दिवस. नकाशावर सरळ रेषेत हे अंतर हजारावर किलोमीटर भरतं, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर, आणि रस्ता काही सरळ रेषेत जात नाही. मी तक्त्यात '९' लिहिला आणि लगेच खोडला. नऊ दिवसांत पोचायचं ठरलं होतं, तो पोचला असं तिथे म्हटलेलंच नाही. शिवाय ग्रँट डफकडे हा प्रसंग नर्मदेपाशी घडतो. नंतरच्या पुस्तकांत जागा येते भेलसा, आजचं विदिशा, आणि तारीख २४ जानेवारी. लढाई १४ जानेवारीची, म्हणजे दहा दिवस. भेलसा नर्मदेच्या बरंच उत्तरेला आहे. दोन्ही ठिकाणं एकदम खरी असू शकत नाहीत. मी दोन्ही दिली, फरक सांगितला, माझा कल कुठे आणि का ते लिहिलं. एका परिच्छेदाला चार तळटिपा लागल्या.

हे असं वाचायला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, फक्त तेव्हा ती परीक्षेची टीप होती. १४४० साली लोरेन्झो वाल्ला नावाच्या इटालियन पंडिताने एक सनद बनावट ठरवली. तिच्या जोरावर पोप पश्चिमेच्या राज्यावर हक्क सांगत होते, आणि ती चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने दिली असं मानलं जायचं. वाल्लाने भाषा तपासली. रोमच्या कारभाराबद्दलच्या कागदात 'सत्रप', म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार, कुठून आले, असं त्याने विचारलं. हे मी दहा गुणांसाठी तीनदा लिहिलं असेल. आपल्या लाडक्या वाक्याला तोच प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा कुठे ते कळलं.

नोकरीचं काय, हेही विचारता तुम्ही. माझ्या वर्गातली मुलं स्पर्धा परीक्षांना गेली, दोघं कायद्याला, एक अभिलेखागारात, एक पत्रकार झाली. इतिहासाची पदवी दाखवून लगेच खुर्ची मिळते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तोंडी परीक्षेचं सांगून थांबते. बाहेरचे परीक्षक आले होते. मी सुहूर सनाची तयारी करून गेले होते, ग्रँट डफची, भेलशाची, सगळ्याची. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. तक्त्याचं पान उघडलं, बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "यात न पोचलेली पत्रं कुठे आहेत?"

मी गप्प. माझी सगळी पत्रं ज्याला लिहिली त्याच्या दप्तरात सापडलेली. मग वाटेत लुटलेला जासूद (टपाल नेणारा), नदीत गेलेली थैली, शत्रूच्या हाती पडलेला कागद तिथे कुठून असणार? युद्ध चालू असताना पत्राला किती दिवस लागत, याचा माझा हिशेब फक्त नशीबवान पत्रांवर बेतलेला होता. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटतं, हसत होत्या.

ऑनर्स मिळालं. दुरुस्तीला पंधरा दिवस दिले होते. शीर्षकापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे नुसतं 'पत्रं' लिहिलं होतं, तिथे मी 'पोचलेली पत्रं' केलं. सत्तेचाळीस ठिकाणी.