‘अपेक्षा किती?’ या प्रश्नाआधी करायचं गणित

‘कंपनीच्या धोरणात बसेल ते द्या.’ मुलाखतीच्या शेवटी एचआरने पगाराची अपेक्षा विचारली की आपल्याकडची मुलं नम्रपणे हे सांगून मोकळी होतात. पैसे तोंडाने मागायचा संकोच असतो, हे समजतं. पण समोरच्याकडे त्या पदासाठी किमान ते कमाल असा पट्टा बहुधा आधीच मंजूर असतो. तुम्ही आकडाच दिला नाही, तर ऑफर किमान टोकाजवळ बसण्याची शक्यता जास्त. पुढची वार्षिक वाढही टक्क्यांत त्याच रकमेवर मोजली जाते, म्हणजे ते नुकसान वर्षानुवर्षं सोबत राहतं.

आकडा देताना होणारी मोठी चूक म्हणजे सीटीसीला, म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाला, बाराने भागणं. सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ५०,००० असं धरून लोक पुण्यात फ्लॅट बघायला लागतात. हिशेब असा चालतो: ६,००,००० पैकी १० टक्के, म्हणजे ६०,००० व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा, दरमहा न मिळणारा भाग) धरू. मूळ वेतन सीटीसीच्या निम्मं, म्हणजे महिना २५,०००. त्याच्या १२ टक्के, महिना ३,००० हा कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी). तो बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, वर्षाला १४,४३०. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ढोबळ पगार उरतो सुमारे ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यात येतात साधारण ३७,६००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, तरीही ही स्थिती आहे. ग्रुप विम्याचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर आणखी थोडे कमी.

काही कंपन्या पीएफ पूर्ण मूळ वेतनाऐवजी १५,००० च्या मर्यादेवर मोजतात, म्हणजे महिना १,८०० च कापतात. तसं असेल तर त्याच सहा लाखांत हातात जवळपास ४०,००० पडतात. म्हणून दोन ऑफर्सची तुलना सीटीसीवर करूच नका. पीएफ तुमचाच पैसा आहे, तो बुडत नाही. पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं सलग झाल्यावरच मिळते, त्यामुळे दोन-तीन वर्षांत बदलणाऱ्याने ती शून्यच धरावी. व्हेरिएबलबद्दल स्पष्ट विचारा: गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, तिमाही देता की वर्षाअखेरीस, आणि मधेच नोकरी सोडली तर काय? यात उद्धटपणा काहीच नाही.

दरमहा हातात किती हवेत ते आधी ठरवा, त्यावरून उलटा सीटीसी काढा आणि मगच बोला. पट्टा सांगणार असाल तर खालचा आकडा तुम्हाला खरोखर चालणारा हवा, कारण ऑफर बहुधा तिथेच येते. ‘सध्याच्या पगारावर ३० टक्के वाढ’ ही मागणी सवयीची झाली आहे, पण सध्याचा पगारच बाजारापेक्षा कमी असेल तर तो कमीपणा तुम्ही स्वतःच पुढे नेता. घराचा हप्ता, बहिणीचं लग्न ही कारणं देऊ नका. ‘या कामाचा मला चार वर्षांचा अनुभव आहे, अशा पदाला अमुक ते अमुक मिळतं, माझी अपेक्षा एवढी आहे’ एवढं बोला आणि थांबा. शांतता असह्य होऊन लगेच ‘थोडं कमी-जास्त चालेल’ असं जोडलं की मागणी तुम्हीच मोडता.

सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नका. शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट मागितलं जातं. यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाच्या) नोंदीत प्रत्येक कंपनीतली रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख दिसते, त्यामुळे लपवलेली चार महिन्यांची नोकरीही उघडी पडते. आणि हे उघडं पडतं ते बहुतेक वेळा ऑफर हातात आल्यावर, जुन्या कंपनीत राजीनामा दिल्यानंतर.

नोटीस पीरियडचंही, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करावं लागणाऱ्या मुदतीचंही, तेच. ९० दिवसांची अट असताना ‘महिन्यात येतो’ म्हणण्याआधी स्वतःचं नियुक्तिपत्र उघडा. पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते मूळ वेतनावर मोजतात की पूर्ण पगारावर, आणि ते तुमच्या मर्जीवर आहे की व्यवस्थापनाच्या, हे तिथे लिहिलेलं असतं. नवी कंपनी ती रक्कम देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो, तेही त्याच पत्रात बघा. फोनवर ‘तुमचं फायनल झालंय’ म्हणाले म्हणून राजीनामा टाकू नका. पगाराची पूर्ण फोड आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र मेलवर आल्यावरच टाका.