१६ तासांचा अंधार मिळवताना

पीएचडीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, असं आमचे ज्युनिअर विचारतात. त्यांना वाटतं मी उंदरांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचं नाव घेईन. शस्त्रक्रियेला दोन आठवड्यांत हात बसला. साडेचार महिने गेले ते खोलीतला दिवा चालू-बंद करणाऱ्या, भिंतीवरच्या एका टायमरपायी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

विषय थोडक्यात सांगतो. सोनेरी हॅमस्टरच्या नराला रोज साडेबारा तासांपेक्षा कमी उजेड मिळाला, की आठ-दहा आठवड्यांत त्याची वृषणं आक्रसतात. रात्र किती लांब आहे ते शरीराला मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकावरून कळतं. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर मात्र लहान दिवसाला फारशी दाद देत नाही. पण रँडी नेल्सन आणि अर्व्हिंग झुकर यांनी १९८१ साली दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या टोकाचे वासाचे दोन कंद, म्हणजे ऑल्फॅक्टरी बल्ब, काढले तर हाच उंदीर दिवसाची लांबी ओळखू लागतो. म्हणजे ही क्षमता त्याच्यात असतेच, वासाचा भाग ती दाबून ठेवतो. प्रजननाची सूत्रं हलवणारं जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशीसुद्धा गर्भात नाकाच्या भागातच तयार होऊन मग मेंदूत जातात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मला हेच विस्टर जातीच्या पांढऱ्या उंदरांत तपासायचं होतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरला, प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आली, खोली मिळाली. सकाळी ९ ते ५ उजेड, बाकी १६ तास अंधार.

सातव्या आठवड्यात एका गुरुवारी रात्री १० वाजता वही विसरली म्हणून ॲनिमल हाउसला गेलो, तर माझ्या खोलीच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसली. आत ट्यूब लख्ख चालू, आणि एरवी अंधारात पिंजरे खडखडवणारे उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन झोपलेले. टायमर जुना, काट्याचा. वीज गेली की तो थांबायचा आणि आली की थांबला तिथून पुढे चालायचा. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. जनरेटर डीप फ्रीझरना होता, या खोलीला नव्हता. तोवर टायमर आठ तास मागे पडला होता. सकाळी झाडलोट करणारे काका खोलीत अंधार बघून बटण दाबून दुसरा दिवा लावायचे आणि अर्ध्या तासाने बंद करायचे. त्यांची काय चूक? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण रात्रीच्या मधे मिनिटभर उजेड पडला तरी मेलाटोनिन खाली येतं. माझी १६ तासांची रात्र तुकड्यांत गेली होती. २४ उंदीर, त्यातल्या १२ जणांची कवटी मी माझ्या हातांनी उघडली होती. ते वाया गेले, हे लिहिताना आजही जड जातं.

बॅटरीवर वेळ राखणारा टायमर हवा, असा अर्ज मी विद्युत विभागाकडे दिला. तीन आठवड्यांनी शेरा आला: 'टायमर चालू स्थितीत आहे.' पुन्हा अर्ज. 'दर करारात ही वस्तू नाही.' मी स्वतःच्या पैशाने आणतो म्हटलं, तर ॲनिमल हाउसच्या वायरिंगला बाहेरच्याने हात लावायचा नाही. इकडे नवे उंदीर हवेत तर समितीची सुधारित मंजुरी लागते, आणि समिती म्हणाली आधी टायमर बदलल्याचं पत्र आणा. समितीचं बरोबरच होतं. केंद्राच्या प्रतिनिधीशिवाय बैठक होत नाही, त्यामुळे एक तारीख हुकली की पुढची दोन महिन्यांनी. मी रोज ११ वाजता विद्युत विभागातल्या टेबलासमोर उभा राहायचो आणि रोज ऐकायचो, "साहेब राउंडला गेलेत."

अडलेला अर्ज सुटला तो एका वाक्याने. समितीतल्या पशुवैद्य मॅडम म्हणाल्या, "दिव्याबद्दल लिहू नकोस, औषधाबद्दल लिही." मग मी लिहिलं: या प्रयोगात अंधार हेच औषध आहे, रोजची मात्रा १६ तास, आणि ती चुकते आहे. मॅडमनी खाली सही केली. आठव्या दिवशी वायरमनदादा नवा टायमर घेऊन हजर! बसवायला २० मिनिटं लागली.

तेव्हा प्राणी मागवायच्या आधी खोलीत एक रात्र काढा. दार लावून दहा मिनिटं थांबा, डोळे सरावले की फटी दिसतात. माझ्या दाराला खाली रबराची पट्टी लागली, एसीच्या हिरव्या दिव्यावर काळी टेप. अंधारात जायचंच तर मंद लाल दिवा. वीज गेली-आली याची नोंद दारावरच्या कागदावर, झाडलोट करणाऱ्यांना समजावून सांगून, त्यांच्याच हातची. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: कंद काढलेले उंदीर चिडके होतात. रोज पाच मिनिटं हातात घ्या, नाहीतर वजन करताना चावतात.

दुसऱ्या तुकडीला दहा आठवडे पूर्ण झाले तेव्हा गाइड शेजारी उभे होते. लहान दिवसातल्या, कंद काढलेल्या पहिल्या उंदराची वृषणं मी काट्यावर ठेवली. आकडा स्थिरावायच्या आधीच सर म्हणाले, "लहान आहेत रे."